पिळणारा बुश, फिरणारा बुश

म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट करत उटीच्या वाटेला लागलं की बंडीपूरचं जंगल सुरू होतं आणि जंगलाबरोबर गतिरोधकांची रांगही. प्राण्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणून ते घातले आहेत आणि ते तिथे असायलाच हवेत. गाडीच्या खालच्या अंगाची तपासणी करायलाही याहून चांगला रस्ता मिळणार नाही. पुढची चाकं गतिरोधकावर चढताना एक 'टक', उतरताना दुसरी 'टक'. काचा बंद केल्या तरी ती पायाखाली जाणवते. असा आवाज आला की पहिला संशय शॉकअब्सॉर्बरवर जातो. पुष्कळदा शॉकअब्सॉर्बर ठणठणीत असतात. गेलेला असतो मुठीत मावेल एवढा रबराचा एक तुकडा, म्हणजे बुश.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये लोखंडी हात असतात, कुठे पाटे असतात. हे हात, हे पाटे खड्ड्यागणिक वरखाली होतात, म्हणून त्यांच्या टोकाला सांधा लागतो. त्या सांध्याच्या पोटात बुश बसतो. त्याच्याकडून तीन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. ठरलेल्या दिशेने हालचाल सहज होऊ द्यायची. बाकीच्या दिशांना चाक जागचं हलू द्यायचं नाही. आणि रस्त्याची थरथर आत बसलेल्यांपर्यंत पोचू द्यायची नाही. पहिलीसाठी मऊपणा हवा, दुसरीसाठी कडकपणा, तिसरीसाठी पुन्हा मऊपणा. कोणत्या गाडीत यांचा मेळ कसा घातला आहे, ते कळल्याशिवाय रबर काढून पॉलीयुरेथेन घालण्याचा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. काम घरच्या अंगणात होण्यासारखं आहे. विचार मात्र पाना हातात घेण्याआधी करावा लागतो.

मोटारी नव्या होत्या तेव्हा हा सांधा निव्वळ धातूचा असे. पोलादी पिन, तिच्यावर पितळी किंवा गनमेटलचा बुश आणि दोघांच्या मध्ये ग्रीस. ग्रीस संपलं की पिन खायला सुरुवात. म्हणून ठरावीक अंतरानंतर प्रत्येक निपलला ग्रीसगन लावणं हा गाडी बाळगणाऱ्याचा नेमच होता. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या ट्रकांच्या पाट्यांना आजही अशा पिना दिसतात. म्हैसूरच्या हुणसूर रस्त्यालगत हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स ही कंपनी आहे. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकी भागीदाराबरोबर १९८१ मध्ये ती सुरू केली आणि ती जड वाहनांचे अ‍ॅक्सल बनवते. त्या अ‍ॅक्सलवर येणाऱ्या टनावारी ओझ्यापुढे रबराला मर्यादा पडते. ट्रकच्या पाट्यात धातू टिकून राहिला त्याचं हे एक कारण आहे.

मोटारींमध्ये मात्र १९२० नंतरच्या दशकांत युरोपात एक सुंदर कल्पना रुजली. आत एक पोलादी नळी, बाहेर एक पोलादी नळी आणि दोन्हींच्या मधल्या जागेत घट्ट दाबून बसवलेलं किंवा चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळायची, बाहेरची हाताच्या भोकात ठोकून बसवायची. आता हात वरखाली झाला तरी कुठेच काही घासत नाही. रबर फक्त पिळलं जातं आणि सोडलं की परत येतं. घर्षण नाही म्हणून ग्रीस नाही, ग्रीस नाही म्हणून नेम नाही. सायलेंटब्लॉक या नावाने ही चीज प्रसिद्ध झाली आणि आपल्या गॅरेजांत आजही 'सायलेंट ब्लॉक गेला' असंच म्हणतात.

रबर पिळलं जातं, या एका गोष्टीतून एक फार महत्त्वाचा नियम निघतो आणि तो सर्रास मोडला जातो. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं, हात खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बुशचा बोल्ट आवळला तर आतली नळी त्या झुकलेल्या कोनात पकडली जाते. मग गाडी खाली उतरवली की वजनाने हात वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ आणखी चढतो. असा नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष मालाच्या दर्जाला लागतो. रबरी बुश असलेला कोणताही बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकांवर गाडीचं वजन आल्यानंतरच. पॉलीयुरेथेनच्या वाटेला न जाणाऱ्या वाचकाने या लेखातून एवढं जरी लक्षात ठेवलं तरी त्याच्या गाडीचं भलं होईल.

आता पॉलीयुरेथेन. जर्मनीत लेवरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये आयसोसायनेट आणि पॉलिओल या दोन जातींच्या रसायनांची साखळी जुळवून हा पदार्थ घडवला. साखळीतले कडक आणि लवचीक भाग कमीजास्त केले की त्याच पदार्थातून गादीचा फोम निघतो, बुटाचा तळवा निघतो आणि कारखान्यातले दणकट रोलरही निघतात. बुशसाठी वापरतात तो ओतीव, ठोस प्रकार. कडकपणा मोजण्याच्या 'शोर ए' मापावर गाडीचं रबर साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतं, तर पॉलीयुरेथेनचे बुश बहुधा ७० ते ९५ मध्ये. तेल, ग्रीस, ओझोन आणि घासणं यांना हा पदार्थ नैसर्गिक रबरापेक्षा बराच चांगला तोंड देतो. जुन्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाने रबरी बुश फुगून लिबलिबीत होतात, तिथे याचं वर्चस्व निर्विवाद आहे.

पण खरा फरक कडकपणात नाही. बाजारात मिळणाऱ्या पॉलीयुरेथेनच्या बहुतेक बुशमध्ये आतली नळी चिकटवलेली नसते, ती सुटी येते. हात हलला की पदार्थ पिळला जात नाही. नळी बुशच्या आत फिरते, घासत फिरते. म्हणजे कामाच्या पद्धतीने पाहिलं तर हा सायलेंट ब्लॉकचा भाऊबंद नसून जुन्या पितळी बुशचा वंशज आहे. पितळी बुशबरोबर गेलेलं ग्रीस त्याच्याबरोबर परत येतं. पितळी बुशसारखाच तो एका अक्षाभोवती छान फिरतो, पण दुसऱ्या दिशेला कलायला सांगितलं की अडतो. याचे फायदे आणि याच्या तक्रारी यांची मुळं या एकाच वाक्यात सापडतात.

बुश विकत घेताना विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे आणि आपल्या पावसाळी मुलखात तो विशेष महत्त्वाचा. पॉलीयुरेथेनच्या दोन मुख्य जाती आहेत, पॉलिएस्टरवर आधारलेली आणि पॉलिईथरवर आधारलेली. पहिली घासण्याला जास्त चिवट, पण दमट हवेत पाण्याचा अंश तिच्या साखळ्या हळूहळू तोडतो. कोकणात किंवा कोडगूत कपाटात नुसते ठेवलेले बूट काही वर्षांनी काढावेत आणि तळवा हातात भुगा होऊन यावा, हा अनुभव अनेकांना असेल. तो याच विघटनाचा प्रकार आहे. गाडीच्या खाली चार महिने चिखलपाणी सोसणाऱ्या भागासाठी पॉलिईथरची जात बरी. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल तर दुसरा विक्रेता शोधावा.

कोणत्या गाडीत हे काम मनापासून करावं? माझ्या मते मारुती जिप्सीत. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली ही गाडी मराठी वाचकाला ताडोबाच्या सफारीमुळे ठाऊक आहे. म्हैसूरच्या आसपास ती कॉफीच्या मळ्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर राबत आली आहे. तिला चारही चाकांना पाटे आहेत. प्रत्येक पाट्याचं एक टोक चॅसिसला पिनेने जोडलेलं, दुसरं शॅकलमधून लटकलेलं; कारण पाटा दबला की लांब होतो आणि ती लांबी शॅकलच्या झुलण्यात सामावते. शॅकलला एक पिन पाट्यात, दुसरी चॅसिसमध्ये. म्हणजे पाट्यामागे तीन सांधे, सगळ्या गाडीत बारा. हे बाराही सांधे मुख्यतः एकाच अक्षाभोवती फिरतात आणि पॉलीयुरेथेनला नेमकं तेवढंच हवं असतं. शिवाय पाटाच अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवतो. त्याच्या टोकाचं रबर पातळ झालं की सरळ रस्त्यावर गाडी डावीउजवीकडे भटकते आणि स्टिअरिंग सतत सावरत बसावं लागतं. म्हैसूर-बंगळूरच्या नव्या महामार्गावर वेग वाढवला की तो भटकेपणा भीतीदायक वाटू लागतो. तिथे कडक बुशने पडणारा फरक पहिल्याच वळणावर कळतो.

आधी खात्री करून घ्यावी की दोष बुशचाच आहे. गाडी सपाट जागी उभी करून हात आणि सांगाडा यांच्या फटीत पहार घालावी आणि हलक्या हाताने रेटावं. रबर दबून परत आलं तर ठीक. लोखंड लोखंडाला टेकलं, किंवा रबर नळीपासून सुटून वेगळं हललं, तर बुश गेला. वरवरच्या बारीक चिरा वयाच्या खुणा आहेत, त्यांच्यासाठी काही बदलू नये. टायरची एकच कड झिजणं, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणं, या खुणाही बघाव्यात. पण त्या इतर दोषांतही दिसतात, म्हणून पहारीची साक्ष जास्त भरवशाची.

कामाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं आणि रात्रभर मुरू द्यावं. जागा सपाट आणि कठीण हवी; माती किंवा सैल फरशी चालणार नाही. ज्या चाकांना हात लावायचा नाही त्यांना पुढून-मागून लाकडी ओंडके. गाडी जॅकने उचलायची आणि लगेच चॅसिसखाली जॅक स्टँड लावायचे. अंगाचा कोणताही भाग फक्त जॅकच्या भरवशावर उभ्या गाडीखाली जाता कामा नये, अर्ध्या मिनिटासाठीही नाही. विटांची चळत म्हणजे स्टँड नव्हे, वीट न सांगता फुटते. हाक मारली तर ऐकू येईल असं एखादं माणूस जवळ असावं. हे सगळं जमत नसेल तर गॅरेजात करून घ्यावं, त्यात काहीच कमीपणा नाही.

जिप्सीत एका वेळी एकच पाटा सोडवायचा. दुसऱ्या बाजूचा पाटा अ‍ॅक्सलला धरून ठेवतो, त्यामुळे अ‍ॅक्सल फिरत नाही. अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण नेमका निघेल इतकाच उचलावा. बोल्ट बोटांनी फिरू लागला की ताण निघाला असं समजावं. ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, याकडे एक डोळा ठेवावा. बोल्टचं डोकं कोणत्या बाजूला होतं, कोणता वॉशर कुठे होता, याचे फोटो काढून ठेवावेत. आधी शॅकलचं टोक पूर्ण करावं, मग पलीकडचं.

जुना बुश काढणं हेच या कामातलं खरं कष्टाचं प्रकरण आहे. शॅकलमधले बुश बहुधा दोन अर्ध्यांचे असतात, एकेका बाजूने ढकललेले. ते स्क्रू ड्रायव्हरने उचकटले की निघतात. बाहेरून पोलादी नळी असलेला बुश मात्र पाट्याच्या टोकाच्या गोलात गंजून बसलेला असतो. अनेक गॅरेजांत गॅसच्या ज्योतीने रबर जाळून टाकतात. घरी हा मार्ग धरू नये. रबराचा धूर वाईट असतोच, शिवाय पाट्याच्या पोलादाला दिलेलं पाणी त्या उष्णतेने उतरू शकतं आणि त्याची ताकद जाते. पुढे कधी पॉलीयुरेथेनचा बुश काढायची वेळ आली तर तो तर मुळीच जाळू नये. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. त्याऐवजी रबरात ड्रिलने गोलाकार भोकं पाडावीत, आतली नळी ढकलून काढावी. उरलेली बाहेरची नळी हॅकसॉचं पातं गोलातून घालून आतून कापावी. नळी कापली जाईपर्यंत सावकाश चालावं. पातं पाट्याच्या पोलादाला लागलं की तिथे खाच पडते आणि पाटा पुढे त्याच खाचेतून तुटू शकतो. एक काप पूर्ण झाल्यावर नळी आत दुमडून ठोकली की सुटते.

दुसरा उपाय थ्रेडेड रॉडचा. रॉड बुशमधून आरपार घालायचा. एका बाजूला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा, दोन्हींवर जाड वॉशर आणि नट. नट आवळत गेलं की बुश सरकत पाइपमध्ये येतो. पाइपचा तुकडा नेमक्या मापाचा हवा आणि तो लेथवाला काही मिनिटांत कापून देतो. म्हैसूरसारख्या गावात असा लेथवाला शोधावा लागत नाही. या शहरात १९६१ पासून १९९६ पर्यंत आयडियल जावाचा मोटारसायकलींचा कारखाना होता, विक्रांत टायर्सचा कारखाना होता जो पुढे जेके टायरकडे गेला. यंत्राची आणि रबराची माहिती इथल्या हातांत मुरलेली आहे.

एक प्रश्न इथे थांबून सोडवावाच लागतो. बाहेरची पोलादी नळी ठेवायची की काढायची? काही संचांत नवा बुश जुन्या नळीच्या आत बसतो, काहींत थेट गोलात. संचाबरोबरचा कागद आणि कॅलिपरने घेतलेलं माप, दोन्ही जुळल्याशिवाय कापायला सुरुवात करू नये. कापलेली नळी परत जोडता येत नाही.

गोल रिकामा झाला की तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने आतून गंज काढावा, बोट फिरवून कुठे टोक लागतं का ते पाहावं. आता काम सुखाचं आहे. बुशचे दोन अर्धे, नळी, पिन यांना ग्रीस लावायचं. बेअरिंगचं साधं ग्रीस पावसाच्या पाण्यात धुऊन जातं. पाण्याला न जुमानणारं घट्ट सिलिकॉन ग्रीस घ्यावं, ते शेजारच्या रबरालाही बाधत नाही. अर्धे हाताने ढकलून किंवा सी-क्लॅम्पने दाबून बसवायचे, हातोड्याची गरज पडू नये. शेवटी नळी. नळी बुशपेक्षा केसभर लांब असायला हवी. बोल्ट आवळला की शॅकलच्या पट्ट्या नळीवर टेकल्या पाहिजेत, पॉलीयुरेथेनवर नाही. नळी आखूड पडली तर बुशच चिमटला जातो, सांधा जाम होतो आणि पाटा काम करणं सोडून देतो. जिथे नळी नसते आणि अर्धे थेट पिनेवर फिरतात, तिथे नट पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क रेंचने आवळावा. नायलॉक नट प्रत्येक वेळी नवे घ्यावेत.

पॉलीयुरेथेन पिळलं जात नसल्याने लोंबत्या चाकावर आवळण्याचा तो दोष इथे तितका घातक ठरत नाही. तरी शेवटचा आवळ गाडी जमिनीवर उतरवून, बंपर धरून तिला चार वेळा दाबून, मगच द्यावा. पाटा आपल्या नैसर्गिक जागी येऊन बसतो.

बुश बदलल्यावर काही आठवड्यांत 'कुई कुई' असा आवाज आला तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. फिरणाऱ्या बुशमधलं ग्रीस संपल्याची ती खूण आहे. बोल्ट काढून, नळी बाहेर घेऊन, पुसून पुन्हा ग्रीस भरावं. नळीवर खाचा असलेले बुश ग्रीस जास्त काळ धरतात, म्हणून थोडे महाग पडले तरी तेच घ्यावेत.

जिप्सीत शोभणारं हे सगळं रोजच्या छोट्या गाडीत जसंच्या तसं करू नये. आजच्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या चाकाला इंग्रजी 'एल' अक्षरासारखा लोअर आर्म असतो आणि त्याला दोन बुश. पुढचा लहान आणि कडक. वळणावरचा बाजूचा जोर तो घेतो. मागचा मोठा, त्याच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की ते काही मिलिमीटर मागे सरकावं आणि धक्क्याची धार बोथट व्हावी, यासाठीच त्या पोकळ्या आहेत. तो मऊपणा अभियंत्याने मोजूनमापून दिलेला आहे. तिथे भरीव पॉलीयुरेथेन घातलं तर चाकाची मागे सरण्याची वाट बंद होते आणि तोच धक्का आर्मला, सबफ्रेमला आणि आपल्या मणक्याला जातो. तोल सुधारायचाच असेल तर पुढचा बुश बदलावा, मागचा कंपनीचा रबरीच नवा घालावा. वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे बुश मात्र बिनदिक्कत बदलावेत. ते एकाच अक्षावर फिरतात, आरामावर त्यांचा परिणाम थोडा आणि वळणावरचा फायदा चांगला.

जुन्या झेनसारख्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलला पुढेमागे धरणारे लांब हात असतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असलं की अ‍ॅक्सल तिरका होतो आणि त्या हातांनाही थोडं वेडंवाकडं कलावं लागतं. रबर ते निमूट सहन करतं. पॉलीयुरेथेन अडतं आणि त्याचा ताण हाताच्या मुळाशी असलेल्या वेल्डवर येतो. मागे आडव्या बीमचं सस्पेन्शन असलेल्या नव्या गाड्यांतही बीमचे दोन बुश ठरवून तिरपे बसवलेले असतात, जेणेकरून वळणावर मागची चाकं चुकीच्या दिशेला वळू नयेत. ती रचना आपल्या हाताने बिघडवू नये. आणि ज्यात सस्पेन्शनच्या स्प्रिंगा दाबून काढाव्या लागतात अशा कोणत्याही गाडीचं काम घरी करू नये, कारण दबलेली कॉइल स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते.

आर्मचे बुश बदलले की व्हील अलाइनमेंट करून घ्यावं. झिजलेल्या बुशमुळे सरकलेल्या चाकाला जुळवून आधी केलेली मापं आता चुकीची ठरलेली असतात. पाट्याच्या गाडीत काहीशे किलोमीटर चालल्यावर पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि शॅकलचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत आणि त्यानंतर दरवर्षी पावसाळा संपल्यावर, चिखल धुऊन झाला की, गाडीखाली पहार घालून बाराही सांधे एकेक करून पाहून घ्यावेत.